ताईंचा अकरा मिनिटांचा फोन

छोटे शेठ पुण्याहून शिकून आले आणि आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं, की आपल्या कंपनीत सिस्टीमच नाही. मी तेव्हा जालन्यातल्या त्या बियाणे कंपनीत कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख होतो. विभागात मी एकटाच, त्यामुळे प्रमुख व्हायला फारसे कष्ट पडले नव्हते. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढायचा, गोडाऊनची पावती पुन्हा छापून द्यायची, मोठ्या शेठच्या मोबाइलमधले शुभ सकाळचे फोटो पुसून जागा करून द्यायची, ही माझी माहिती प्रणाली. तरी सिस्टीम नाही हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बारा वर्षं मंग मी काय गवऱ्या थापून राह्यलो होतो?

पण बोललो नाही. मला राग फार येतो आणि तो सगळा घरी गेल्यावर येतो. ऑफिसात मी मान हलवतो.

आमची कंपनी कपाशीचं संकरित बी विकते. विकते म्हणतोय, पिकवत नाही. पिकवतात शेतकरी. कुणी धावड्याला, कुणी अंबडच्या बाजूला, कुणी घनसावंगीकडे. त्यांना आम्ही मादीचं बी आणि नराचं बी वेगवेगळं देतो. ते एकाच शेतात शेजारी-शेजारी लावायचं. फुलं लागली की बायांनी संध्याकाळी मादीच्या कळीतलं पिवळं, म्हणजे तिचे स्वतःचे पुंकेसर, नखानं खरडून काढायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल तिच्यावर फिरवायचं. कळी-कळीला, हातानं, रोज, दोन-अडीच महिने. नराचं फूल मिळालं नाही तर त्या दिवसाची मेहनत मातीत. म्हणजे बघा, कंपनीचं एकही रोप कंपनीच्या जमिनीत उगवत नव्हतं. सगळा कारभार पहिल्यापासून बाहेरच दिलेला. त्याला आउटसोर्सिंग म्हणतात एवढंच आम्हाला माहीत नव्हतं, आणि ते सांगायला छोट्या शेठनी एक सल्लागार आणला.

या पसरलेल्या शेतकऱ्यांना कंपनीशी बांधून ठेवणारी एकच दोरी होती, ती म्हणजे ताई. पन्नाशीच्या आसपासच्या, रोज अंबडहून एसटीनं यायच्या. गोडाऊनच्या दाराशी एक टेबल, एक कंपनीचा मोबाइल आणि एक लांबलचक वही. काम एकच: रोज शेतकऱ्यांना फोन लावायचा आणि प्लॉट कसा आहे ते विचारायचं. पण ताई प्लॉटचं कधी आधी विचारायच्या नाहीत. आधी, "काय दादा, काय करून राह्यले? जेवण झालं का?" मंग सुनेचं बाळंतपण, म्हातारीचा गुडघा, व्यालेली म्हैस, गावातल्या सप्त्याला कीर्तनकार कोण येऊन राह्यलेत. आणि फोन ठेवता ठेवता, सहज, "आन् दादा, नराची फुलं पुरून राह्यली ना?" तिथं दादा एक क्षण थांबायचे. त्या थांबण्यात सगळं असायचं. "तसं बघितलं तर ताई, थोडं कमीच पडून राह्यलं बघा." ताई वहीत लिहायच्या आणि लगेच दुसरा फोन फिरवायच्या, ज्याच्याकडे त्याच वाणाचा नर जास्त फुललाय त्याला. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी मोटरसायकलवर ओल्या फडक्यात फुलं बांधून या गावाहून त्या गावाला निघालेलं असायचं. हे सगळं चालायचं, आणि कसं चालतं असा प्रश्न कंपनीत कुणाला पडायचा नाही.

आता एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडे परक्या माणसाला अडचण सांगत नाहीत. परक्यानं विचारलं कसं काय, तर उत्तर एकच: बराबर आहे. मी कुंभार पिंपळगावचा. माझे वडील कृषी सहायक आला तरी "बराबर आहे", विम्याचा माणूस आला तरी "बराबर आहे" म्हणायचे. विम्याचा माणूस नुकसान लिहून घ्यायलाच आलेला असायचा, तरीसुद्धा! मंग त्याला बाजेवर बसवायचं, चहा व्हायचा, त्याच्या गावातले आमचे पाहुणे निघायचे, आणि तो गाडीला किक मारायला लागला की वडील म्हणायचे, "तसं मोटर जळून आठ दिवस झाले म्हणा." मी हे लहानपणापासून बघत आलो. त्यामुळे ताई काय करतात हे अख्ख्या कंपनीत कुणाला कळत असेल तर ते मला कळत होतं.

सल्लागार आला. माणूस हुशार, बूट चकचकीत, दर दोन वाक्यांमागे "राइट?" म्हणायचा आणि उत्तराची वाट बघायचा नाही. त्यानं आम्हाला सगळ्यांना वरच्या हॉलमध्ये बसवलं, प्रोजेक्टर लावला आणि पहिला प्रश्न टाकला, "आपला कोअर बिझनेस काय?"

मोठे शेठ म्हणाले, "बी."

"सर, बी तर शेतकरी करतो. राइट?"

चाळीस वर्षं धंदा केला माणसानं, आणि तो नक्की कशाचा केला हे आज त्यांना कळत नव्हतं. मला त्यांची दया आली. मंग सल्लागारानं हिरव्या आणि पिवळ्या चिठ्ठ्या वाटल्या. कंपनीतल्या प्रत्येक कामाचं नाव फळ्यावर लिहिलेलं. जे काम कंपनीचा प्राण आहे त्यावर हिरवी, म्हणजे कोअर. जे बाहेरून कुणाकडूनही करून घेता येईल त्यावर पिवळी, म्हणजे नॉन-कोअर. सगळे उठून लग्नात अक्षता टाकायला जातात तसे फळ्याकडे गेले. चहावर कुणीतरी पिवळी लावली, तर मोठे शेठ तडक उठले, ती काढली आणि स्वतःच्या हातानं हिरवी लावली. "चहा बाहेरचा चालणार न्हाई." सगळे हसले, टाळ्या पडल्या. फोनवर पिवळी लागली. चहा कोअर आणि ताई नॉन-कोअर, असा तो फळा आठवडाभर तसाच राहिला.

मंग मोजमाप सुरू झालं. सल्लागाराची दोन माणसं तीन दिवस ताईंच्या टेबलापाशी घड्याळ लावून बसली. फोन रेकॉर्ड केले. पडद्यावर निकाल आला: एक फोन सरासरी अकरा मिनिटं, त्यात प्लॉटबद्दलचं बोलणं चाळीस सेकंद. बाकी सगळं लाल रंगात, "अपव्यय" असं वर लिहून. म्हातारीचा गुडघा अपव्यय, म्हैस अपव्यय. छोट्या शेठनी कपाळाला हात लावला. "म्हणजे आपण इतकी वर्षं गप्पा मारायला माणूस ठेवला होता?" उपाय तयारच होता: इंदूरची एक एजन्सी, मराठी बोलणाऱ्या मुली, दोन मिनिटांचा फोन, आठ प्रश्न, उत्तरं थेट कॉम्प्युटरमध्ये, आणि ऑफिसच्या दर्शनी भागात एक मोठा टीव्ही. त्यावर प्रत्येक प्लॉटचा एक ठिपका. चांगला तर हिरवा, बिघडला तर लाल.

आणि या सगळ्याचा प्रकल्प प्रमुख कोण? अहो, मी! माझ्या नावाचं कार्ड छापलं, गळ्यात अडकवायला निळी पट्टी दिली. पडद्यावर पहिल्याच पानावर माझं नाव सल्लागाराच्या नावाच्या वर होतं. तो मला सर म्हणायचा. तोपर्यंत त्या कंपनीत मला सगळे "ए कॉम्प्युटर" म्हणायचे. कार्ड मी घरी नेऊन बायकोला दाखवलं. तिनं विचारलं, "पगार वाढला का?" मी म्हणालो, तसं नसतं ते. ती हसली आणि भाकरी उलटायला वळली.

शेवटच्या बैठकीत सल्लागारानं दिवे लावले आणि माझ्याकडे बघितलं. "सर, तुम्ही स्वतः शेतकरी घरातले. फील्डवर काही धोका वाटतो? आत्ता बोला, राइट?" हा प्रश्न त्यानं खरंच विचारला होता, आणि या खेपेला उत्तरासाठी थांबलासुद्धा. सगळे माझ्याकडे बघत होते. ताई दाराशी वही घेऊन उभ्या होत्या, त्यांना कशाला तरी बोलावलेलं. मला वडील आठवले, बाज आठवली, जळालेली मोटर आठवली. परक्या पोरीनं फोनवर आठ प्रश्न विचारले तर आमची माणसं आठही वेळा काय उत्तर देतील ते मला पाठ होतं. एवढंच सांगायचं होतं. दोन वाक्यं.

मी म्हणालो, "काही नाही. बराबर आहे."

त्यानंतर ज्ञान हस्तांतरण नावाचा कार्यक्रम झाला. म्हणजे ताईंच्या डोक्यातलं तीन दिवसांत एजन्सीच्या डोक्यात ओतायचं. इंदूरहून दोन मुली आल्या, चांगल्या होत्या बिचाऱ्या, लॅपटॉप उघडून बसल्या. ताईंनीही काही हातचं राखलं नाही. "हे बघा, धावड्याचे हे दादा बोलता बोलता खोकले की समजायचं, शेतात काहीतरी बिनसलंय." मुलीनं टाइप केलं: खोकला. पुढच्या रकान्यात: आरोग्य समस्या. "आन् हे पिंपळगावचे अण्णा, हे लई जोरात बोलले तर टेन्शन न्हाई, पण हळू बोलले तर दुसऱ्या दिवशी माणूस पाठवायचा." मुलगी थांबली. आवाजासाठी रकाना नव्हता. मराठी विसरून मला म्हणाली, "सर, ये कहाँ डालूँ?" मी म्हणालो, राहू द्या. तिसऱ्या दिवशी "ज्ञान हस्तांतरण पूर्ण" या कागदावर माझी सही झाली. मी सही अगदी झोकात केली, खाली रेघ ओढून.

ताईंना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. मोबाइल आणि त्यातला नंबर कंपनीचा, तो एजन्सीकडे वळवला. निघताना ताई माझ्या टेबलापाशी आल्या. "सर, चालंल का हे?"

"चालेल, ताई."

"तुम्ही म्हणता तर चालंल," म्हणाल्या आणि बसची वेळ झाली म्हणून निघाल्या.

हंगाम सुरू झाला. एजन्सीच्या मुलींना वाचायला छापील संवाद दिला होता. तो मोजमापाच्या तीन दिवसांत केलेल्या ताईंच्या रेकॉर्डिंगवरून बनवलेला. त्या तीन दिवसांत नेमक्या दोन घरच्या सुना बाळंत झाल्या होत्या. त्यावरून हुशार लोकांनी निष्कर्ष काढला, की शेतकऱ्याशी जवळीक साधायची तर सुनेची चौकशी करावी. संवादाचा दुसरा प्रश्न ठरला: "आपल्या सूनबाई कशा आहेत?" सगळ्यांना! सरसकट! भोकरदनकडचा एक शेतकरी, चाळिशीचा, लग्न जमता जमेना म्हणून आधीच वैतागलेला. त्यानं ऑफिसात येऊन माझी गचांडी धरायची बाकी ठेवली. "साहेब, माझंच कुठं जमून राह्यलं न्हाई, सून कुठून आणू? मस्करी लावली का?" आणि अंबडजवळच्या एका म्हाताऱ्याची सून दोन वर्षांपासून माहेरी, अंबडच्या कोर्टात केस चालू. त्याला फोन गेला: अनोळखी बाईचा गोड आवाज, सूनबाई कशा आहेत. त्यानं ओळखलं की ही तिच्या वकिलाकडची बाई. फोन बंद करून कणगीत टाकला तो अख्खा हंगाम बाहेर काढला नाही. त्याचा ठिपका पडद्यावर करडा झाला. करड्याचा अर्थ "प्रतिसाद प्रलंबित". मी ते दुरुस्त करायचं म्हणून यादीत लिहिलं. दुरुस्ती पुढच्या वर्षीच्या टप्प्यात होती.

बाकी पडदा हिरवागार. येईल त्याला मोठे शेठ टीव्हीसमोर उभे करायचे. बँकेचे साहेब आले, त्यांना दाखवला. व्याही आले, त्यांना दाखवला. अहो, पाऊस लांबला त्या पंधरवड्यात रस्त्याकडेची कपाशी माना टाकून उभी होती, आणि आमचा टीव्ही हिरवा! मी रोज येता-जाता बघायचो. खोटं कशाला बोलू, मला माहीत होतं की तो हिरवा रंग म्हणजे नुसतं "बराबर आहे" आहे. पण सल्लागारानं छोट्या शेठना आणि मला एका मोठ्या हॉटेलात भाषणासाठी नेलं होतं, "ग्रामीण भागातला यशस्वी प्रयोग" म्हणून, आणि तिथं मला पुष्पगुच्छ मिळाला होता. पुष्पगुच्छ मिळालेला माणूस कुठे बोलतो.

हंगाम संपला, बी आलं. आमच्याकडे आलेल्या बियातलं थोडं पेरून बघतात, झाड खरं निघतं का ते. धावड्याच्या लॉटमधून दोन तऱ्हेची झाडं निघाली. दुसऱ्या तऱ्हेची थोडीथोडकी नव्हेत. लॉट बाद. तो प्लॉट पडद्यावर पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत हिरवा होता. मला धावड्याला पाठवलं, प्रमुख ना मी.

शेतकऱ्यानं मला पाणी दिलं, चहा दिला, माझं गाव विचारलं. मी मुद्दाम घाई केली नाही. दुसरा चहा झाल्यावर त्यानं सांगितलं. नराच्या झाडांना मर लागली होती, ऐन फुलाच्या दिवसांत झाडं उभ्या उभ्या वाळली. "फोन आल्ता ना तुम्हाला?" मी विचारलं. "आल्ता की. ती पोरगी म्हणली काही अडचण? मी म्हणलो न्हाई, बराबर हाय. परक्या पोरीला काय सांगायचं?" मंग त्यानं स्वतःहून जुन्या नंबरवर फोन लावला, ताईला सांगावं म्हणून. तिथं यंत्र बोलायला लागलं: बियाण्यासाठी एक दाबा, तक्रारीसाठी दोन दाबा. "मी एक दाबलं, दोन दाबलं, सगळं दाबलं. बाई एकच बोलून राह्यली, तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." शेवटी त्यानं पलीकडच्या शिवारातून फुलं आणली. तिथं नर दुसऱ्या वाणाचा होता. "ताई असती ना साहेब, तिनं एका फोनात सांगितलं असतं कुणाकडून आणायची. मला तेवढंच लागत व्हतं." त्यानं आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मोठ्या शेठनी एकच सांगितलं, "ताईला परत आण." मी अंबडला गेलो. ताई कोर्टासमोर एका झेरॉक्सच्या दुकानात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देत होत्या. समोर रांग. फॉर्म भरता भरता त्या एका म्हातारीला तिच्या मोतीबिंदूचं विचारत होत्या. मला बघून त्या उठल्या, स्टूल दिलं. मी धावड्याचं सगळं सांगितलं. त्यांनी हातातला फॉर्म बाजूला ठेवला.

"त्यानं फोन केल्ता मला?"

"जुन्या नंबरवर. तो आम्ही..."

"हां." मंग त्यांनी विचारलं, "सर, खरं सांगा. तुम्हाला ठाऊक होतं का असं होईल?"

मी म्हणालो, "होतं."

"मंग त्या दिवशी बोलले कामून न्हाई? मी दारातच उभी होते. मला वाटलं, हे एकटे बोलतील."

मी गळ्यातलं कार्ड खिशात घातलेलं होतं, ते खिशातच चाचपत राहिलो. काय सांगणार? पडद्यावर माझं नाव पहिलं होतं म्हणून? तेच कारण होतं. मी म्हणालो, "सगळे बसले होते, ताई."

"माझ्या नौकरीचं न्हाई म्हणत मी," त्या म्हणाल्या. "गेली त गेली, दुसरी मिळाली. पण तुम्ही शेतकऱ्याचं लेकरू. तुम्हाला सगळं माहीत असून तुम्ही मान खाली घातली, ते लई लागलं मला. घरी जाऊन रडले मी त्या दिवशी. शेठला सांगा, मी न्हाई येत. जिथं माहीत असलेला माणूस तोंड उघडत न्हाई, तिथं मी बिलकुल बसणार न्हाई. अस्संच सांगा. सांगाल ना?"

"सांगतो."

जालन्याला येईपर्यंत गाडीत मी ते वाक्य चार वेळा म्हणून बघितलं. हॉलमध्ये मोठे शेठ, छोटे शेठ आणि सल्लागार बसलेले. प्रोजेक्टर चालू.

"काय म्हणल्या ताई?" मोठ्या शेठनी विचारलं.

मी म्हणालो, "घरगुती अडचण आहे म्हणाल्या."

"बायकांचं असंच असतं," छोटे शेठ म्हणाले. सल्लागारानं ते टाइप करून घेतलं. कसली अडचण, हे कुणी विचारलं नाही. मंग त्यानं पुढचं पान लावलं. सगळ्या घोटाळ्याचं मूळ त्याला सापडलं होतं: शेतकरी खरी माहिती देत नाहीत. त्यांना खरं बोलायचं प्रशिक्षण द्यावं लागेल, गावोगावी जाऊन, राइट? शिकवायला मात्र त्यांच्यातलाच, त्यांचा विश्वास बसेल असा माणूस हवा. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि एकमतानं माझं नाव घातलं. मी मान हलवली.